देशमुखांच्या लग्नातलं जाजम

जैनथ, २५ नोव्हेंबर १९७७

दौलतदादा,

पाया पडते. मी चंद्रभागा. अक्षर ओळखलंस की नाही कोणास ठाऊक. तुझा पत्ता मोतीराम शिंप्यानं दिला. तो कापसाच्या ट्रकवर बसून हिंगणघाटला गेला होता, तेव्हा गिरणीच्या फाटकापाशी तू त्याला भेटलास. तू चहा पाजलास म्हणाला, पण गावातल्या एकाचंही नाव विचारलं नाहीस. तुला दोन लेकरं आहेत हेही त्याच्याकडूनच कळलं.

बाबांसाठी लिहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात छपाईचे लाकडी ठसे धुवायला बसले आणि बसल्या जागी उजवीकडे कलंडले. लकवा मारला. आदिलाबादच्या दवाखान्यात अठरा दिवस होते. आता घरी आहेत. उजवा हात गेला. काठी धरून, पाय ओढत मोरीपर्यंत जातात. जीभ जड झाली आहे. त्यांचं बोलणं मला आणि ह्यांना समजतं, बाहेरच्या माणसाला फारसं नाही.

हे म्हणजे चंपतराव, वणीचे. तू गेलास त्याच वर्षी माघात आमचं लग्न झालं, त्यामुळे तू त्यांना पाहिलेलं नाहीस. बाबांच्या हाताखाली कोणी उरलं नव्हतं, म्हणून दोन वर्षांनी हे कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून इथं राहायला आले आणि पहिल्यापासून काम शिकले. पलंगपोस, रजईचे पल्ले, जाजमं, सगळं आता तेच छापतात. मिलच्या चादरी आल्यापासून मागणी कमी झाली आहे, पण हात रिकामे नसतात.

माय गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा तुझा पत्ता शोधून तार करते म्हणाले, तर बाबांनी करू दिली नाही. मी ऐकायला नको होतं.

येत्या पाडव्याला देवीच्या ठाण्यात, सगळ्या रंगारी समाजासमोर, बाबा घरचे ठसे ह्यांच्या हातात देणार आहेत. पणजोबापासूनचे ठसे. एकदा दिले की घरचा धंदा रीतीनं ह्यांचा झाला. त्याच्या आधी तू एकदा यावंस असं मला वाटतं. देशमुखांच्या लग्नात जे झालं ते झालं. कोणाचं काय चुकलं हे आता उगाळून काय होणार?

भाऊबीजेला या वर्षीही चंद्राला ओवाळलं.

चंद्रभागा


६ जानेवारी १९७८

दादा,

तुझं कार्ड आलं. चारच ओळी, पण मला पाठ झाल्या आहेत. ‘मला बाप नाही. चुकलेला हात घेऊन त्या घरातून निघालो, तो आता गिरणीत चालतो. ठसे ज्याला द्यायचे त्याला द्या. पुन्हा लिहू नये.’

पोस्टमन आला तेव्हा बाबा ओट्यावरच होते. त्यांनी कार्ड पाहिलं. “कोनाचं?” म्हणाले. मी सांगितलं, दौलतदादाचं. “वाच.” मी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि वाचलं, ‘गिरणीत रजा मिळत नाही, मिळाली की येतो, तब्येतीला जपा.’ इतकं सरळ वाचलं की माझं मलाच नवल वाटलं.

बाबांनी माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बापाले लकवा झाला तरी रजा नाई देत?”

“मोठी गिरणी आहे, बाबा.”

“त्याचा हात चांगला होता,” ते म्हणाले. “माह्यापेक्षा चांगला. पन ध्यान होनाऱ्या सासरवाडीले होतं. तुरटी कमी घेतली त्यानं, मनून रंग धरलाच नाई.”

हे समोर बसून पलंगपोसाची किनार छापत होते. ते म्हणाले, “मामाजी, जाऊ द्या ना आता. किती वर्सं झाली.” मी आत निघून गेले आणि ज्वारी पाखडत बसले. पाखडून झालेलीच ज्वारी होती.

तू पुन्हा लिहू नको म्हणालास तरी लिहिते आहे. एक विचारायचं आहे. ते जाजम बिघडलं त्यात हात तुझाच चुकला, असं तुलाही वाटतं का? बाबा म्हणाले म्हणून नाही, तुला स्वतःला? कार्डावर तू ‘चुकलेला हात’ लिहिलंस. मला वाटत होतं, तू रागानं गेलास. तुला ते खरं वाटत असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

की आलं होतं आणि मी बाजूला सारलं? नीट सांगता येत नाही.

चंद्रभागा


२ फेब्रुवारी १९७८

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. हे पत्र फाडण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाच. पुढचं कोणतंच वाचलं नाहीस तरी चालेल.

तुझा हात चुकला नव्हता. ते जाजम मी बिघडवलं.

तुला आठवत असेल, त्या वर्षी वैशाखात नदीपलीकडच्या देशमुखांकडे लग्न होतं आणि त्यांनी मांडवासाठी मोठं जाजम सांगितलं होतं. बाबा कोरं कापड आणायला पंधरा दिवसांसाठी नागपूरला गेले. छपाई तू एकट्यानं केलीस. तुरटीचा लगदा तू कालवलास, ठसे तू मारलेस. छापून झाल्यावर तुला रेणुकाच्या गावी जावं लागलं, तिच्या मामानं साखरपुड्याच्या बोलणीला बोलावलं होतं. निघताना तू मला म्हणालास, “चंदे, आठ दिवस याले पानी लागू देऊ नको. तुरटी कापडात बसू दे. मग नदीवर ने आन् मग रंगात टाक.” मी हो म्हणाले.

तू गेल्यावर दोन दिवसांनी वणीहून निरोप आला की पुढच्या गुरुवारी मुलगी बघायला येतात. मी दिवस मोजले. तू सांगितल्यासारखं आठ दिवस थांबले असते, तर मंगळवारी नदी आणि बुधवारी रंगाचा हंडा. तुला माहीत आहे, हंड्यावर एक दिवस उभं राहिलं की हात कोपरापर्यंत लाल होतात आणि आठवडाभर निघत नाहीत. रामाजीकाकांच्या सोजरला तसेच लाल हात घेऊन पाटावर बसवलं होतं. पाहुणे म्हणाले, पोरगी कामाची आहे, पण हात पाहवत नाहीत. ती गोष्ट घरोघरी झाली होती. मी सतरा वर्षांची होते, दादा. मला माझे हात स्वच्छ हवे होते.

चौथ्या दिवशीच मी मायला म्हणाले, चला नदीवर. मायनं विचारलं, “आठ झाले का?” मी म्हणाले, “झाले.” तिला दिवसांचा हिशेब कधी राहत नसे. आम्ही बैलगाडीनं पैनगंगेवर गेलो आणि जाजम धुतलं. पाणी दुधासारखं पांढरं होऊन वाहू लागलं. तुरटी निघून चालली होती. मी ते पाहिलं. तिथंच थांबून, कापड परत छापायला हवं असं सांगता आलं असतं. मी धूत राहिले. दुसऱ्या दिवशी रंगात टाकलं. रंग वरवर चढला आणि कापड लाल दिसायला लागलं. मग मी आठवडाभर चिंचेनं, लिंबानं, राखेनं हात घासले.

दहाव्या दिवशी तू आलास. जाजमावरून हात फिरवलास आणि म्हणालास, “ठशाच्या मधली कोरी जागा जराशी लालसर दिसते.” मी म्हणाले, नदीला पाणी कमी होतं. तू विचारलंस, “आठ दिवस ठेवलं होतं ना?” मी म्हणाले, ठेवलं होतं. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि म्हणालास, “माह्यापेक्षा तुया हात साफ आहे.”

पुढचं तुला माहीत आहे. मांडवात गुलाबपाणी शिंपडलं, त्यात घाम, आणि लोक उठले तेव्हा प्रत्येकाच्या धोतराला मागून लाल डाग. नवऱ्या मुलाच्या वडिलांच्यासुद्धा. आधी हसले, मग भांडण लागलं, मग देशमुखांच्या गड्यानं ते जाजम गाडीतून आणून आपल्या दारात टाकलं. बाबांनी गल्लीतल्या सगळ्यांसमोर तुला चपलेनं मारलं. म्हणाले, “रंगाऱ्याच्या घरी हा जन्मालेच नाही आला.” तू खाली मान घालून उभा होतास आणि तोंडातल्या तोंडात मोजत होतास. माझ्या कानावर आलं. ‘तुरटी तेवढीच घेतली होती, तेवढीच घेतली होती.’

मी दाराच्या आत होते.

पुढं होणार होते, हे खरं सांगते. मायनं मागून माझा दंड धरला. तिला तोवर दिवस मोजून समजलं होतं. ती कानाशी म्हणाली, “चूप राय. तो पोरगा आहे, कुठंबी जगन. तुयं आत्ता कुठं जुळून राह्यलं.” पण तिच्यावर ढकलत नाही. दंड सोडवून घेता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तू गेलास. महिन्याभरात रेणुकाच्या घरून नकार आला. माघात माझं लग्न झालं.

तुझी म्हणायचा मला हक्क नाही.

चंद्रभागा


३ मार्च १९७८

दादा,

तुला लिहिलं आणि घरात गप्प राहिले, तर तेही एक खोटंच झालं असतं. म्हणून आधी ह्यांना सांगितलं. पोरं शाळेत गेली होती. हे भिजवलेला हिरडा कुटत होते. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी कुटणं थांबवलं नाही. मग मुसळ भिंतीला टेकवलं.

“नऊ वर्सं मी तुया भावाच्या जागेवर बसून राह्यलो,” ते म्हणाले. “तुले माईत होतं?”

“हो.”

“लोक मले मनत, चंपतराव, तुमी होते मनून मारोतरावाचं घर वाचलं. मले बरं वाटे.” थोड्या वेळानं म्हणाले, “मी त्या दिवशी तुये हात पायलेच नव्हते. मान खाली घालून बसलो होतो. मायनं हो मनलं, मी हो मनलं.”

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

बाबांना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. त्यांना न्हाऊ घालून, कोरडं करून, खाटेवर बसवलं आणि पुढ्यात जमिनीवर बसले. सांगताना मी त्यांच्या गेलेल्या हाताकडे पाहत होते, तोंडाकडे नाही. सांगून झालं. ते म्हणाले, “चवथ्या दिवशी?”

“चवथ्या दिवशी.”

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. ह्यांनी भरवलं तर खाल्लं. तुझं खरं कार्ड काय होतं तेही मी सांगितलं. आता झाकून काही ठेवायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. एकेक शब्द ओढून काढावा तसे म्हणाले, “मारलं मी... गल्लीत. सांगनबी... सगळ्यायसमोर. पाडव्याले.”

मी म्हणाले, बाबा, तुमचं बोलणं लोकांना समजत नाही.

“समजन,” म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर बसून तीच दोन वाक्यं घोकत असतात. ‘दौलतची चूक नव्हती. मी चुकलो.’ रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेतो.

चंद्रभागा


१० एप्रिल १९७८

दादा,

परवा पाडवा झाला. काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

ह्यांनी आणि मोतीरामनं बाबांना खुर्चीवर बसवून ठाण्यात नेलं. तीस-चाळीस माणसं होती. बायका नेहमीप्रमाणे पायऱ्यांपाशी. ठसे धुऊन, कुंकू लावून देवीपुढं मांडले होते. रामाजीकाका आता समाजात सगळ्यांत मोठे आहेत. ते म्हणाले, मारोतराव, बोला.

बाबांनी डावा हात खुर्चीवर दाबून उठायचा प्रयत्न केला. बोलायला तोंड उघडलं आणि नुसता ‘दौ, दौ’ असा आवाज आला. महिनाभर घोकलेलं एक अक्षर पुढं सरकेना. मान लाल झाली, लाळ गळायला लागली. दोन पोरी हसल्या, त्यांच्या आयांनी त्यांना गप्प केलं. रामाजीकाका म्हणाले, “राहू द्या, मारोतराव. समजलं आमाले. जावयाले द्याचे आहे ना?” आणि त्यांनी एक ठसा उचलून ह्यांच्यापुढं धरला.

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

“घ्या ना, चंपतराव,” काका म्हणाले.

“मी नाई घेत,” हे म्हणाले. “काऊन ते मले नका इचारू.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना मला सांगायला लावायचं नव्हतं आणि स्वतः सांगायचंही नव्हतं. बाबा खुर्चीत वळून पायऱ्यांकडे पाहत होते. त्यांचे डोळे मला शोधत होते.

मी वर गेले. बायकांनी कधी तिथं जाऊन बोलायची रीत नाही, पण कोणी अडवलं नाही. मी म्हणाले, “बाबा सांगत आहेत की दौलतदादाची चूक नव्हती. देशमुखांचं जाजम मी बिघडवलं. चवथ्या दिवशी धुतलं आणि आठ दिवस ठेवलं म्हणून खोटं सांगितलं. माझ्यापायी त्यानं मार खाल्ला आणि घर सोडलं.” एवढंच. जास्त बोलले असते तर रडले असते, आणि रडून सहानुभूती घ्यायची नव्हती.

 मग सखूबाई, आपल्या आळीतली, ती म्हणाली, “त्या पोरीनं, रेणुकीनं, त्याच्यासाठी किती दिवस जेवन सोडलं होतं. माईत आहे का तुले?” मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल म्हणून लिहिते. लिहावं की नाही हे कळत नाही, पण लपवायची मला भीती वाटते आता.

रामाजीकाकांनी ठसा परत देवीपुढं ठेवला. म्हणाले, दौलत येईपर्यंत ठसे कोणाचेच नाहीत, काम मात्र चंपतरावांनी चालू ठेवावं.

घरी येताना विहिरीवर बायका होत्या. मला पाहून त्यांनी घागरी बाजूला घेतल्या. वणीहून सासूबाईंचा निरोप आला आहे, की तिचं तोंड पाहायचं नाही. ह्यांनी तो मला सांगितला आणि म्हणाले, “मायले मी समजावतो.” मी सगळं सांगितल्यापासूनचं हे पहिलं बोलणं, जे कामापुरतं नव्हतं.

बाबा त्या दिवशी माझ्या हातचं जेवले.

चंद्रभागा


२९ मे १९७८

दादा,

तू येऊन गेलास त्याला आज आठ दिवस झाले. तू आलास तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. लाज तर होतीच, पण मी पुढं आले असते तर तुझी आणि बाबांची भेट नीट झाली नसती. दाराआडून पाहत होते. बाबांनी डाव्या हातानं तुझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला आणि तू त्यांचा हात वरच्या वर धरलास.  तू त्यांच्या शेजारी खाटेवर बसलास आणि त्यांच्या गेलेल्या हाताची बोटं चोळत राहिलास, तासभर.

ह्यांनी ठसे तुझ्यापुढं आणून ठेवले. तू म्हणालास, “मी गिरनीतला मानूस आहे आता, जावईबुवा. तुमी शिकले, तुमीच छापा. बाबाच्या डोयापुढं छापा.” एकाही ठशाला हात लावला नाहीस. फक्त तुरटीच्या टोपापाशी बसलास आणि ह्यांना विचारलंस, “एका जाजमाले किती घेता?” ह्यांनी प्रमाण सांगितलं. तू मान हलवलीस. “मीबी तेवढीच घेत होतो,” म्हणालास. मग उठून गोठ्यामागं गेलास. तू तिथं किती वेळ उभा होतास ते मी खिडकीतून पाहिलं आहे. मी यायला निघाले होते. ह्यांनी नको म्हणून हात केला.

जेवायला वाढलं ते तू जेवलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मोटारीवर सोडायला हे येणार होते. तूच म्हणालास, “चंदीले येऊ दे.”

तिथं जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवते, कारण पुढं मला ते माझ्या सोयीनं आठवायला लागेल.

तू म्हणालास, “बारा वर्सं मी गिरनीत मागाच्या साच्यापाशी उभा राहून तेच मोजत होतो. तुरटी किती, पानी किती. बायकोले वाटे मी येडा आहे. लेकराले मी कधी रंगाची डबी घेऊन नाई देल्ली.”

मी तुझी पिशवी धरून उभी होते.

“आता ते मोजनं थांबलं,” तू म्हणालास. “पन मी तुले माफ केलं असं समजू नको. माय मेली ते मले सहा महिन्यांनी कळलं. ते मी कोनाले माफ करू?”

“मी तसं समजत नाही,” मी म्हणाले.

“पत्र लिहीत जा. बाबाचं कळवत जा. उत्तर आलं नाई तं नाई.”

“बरं.”

मग पांढरकवड्याची मोटार आली. तू चढलास, पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलास आणि समोर पाहत राहिलास. मोटार हलली तेव्हा तू तोंड बाहेर काढून म्हणालास, “बाबाले दुपारी ओट्यावर नका बसू देत जाऊ. ऊन लागते.”

मी रोज बारा वाजायच्या आत त्यांची खाट आत घेते. त्यांना ओटा सोडवत नाही, रस्ता दिसतो म्हणून. रोज कुरकुर करतात, काऊन म्हणून विचारतात. मी सांगते, दौलतदादानं सांगितलं आहे. मग ते आत येतात.

चंद्रभागा